गेस्ट रूममधला कापूस

घराच्या आधी घराचं चित्र आलं. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, ते मला मोबाइलवर दाखवलं तेव्हा आम्ही त्याच्या जुन्या घरासमोर बाजेवर बसलो होतो आणि आजूबाजूला सोयाबीनच्या मळणीचं कुटार, म्हणजे भुसा, उडत होतं. चित्रात करड्या-पांढऱ्या रंगाचं दुमजली घर होतं. समोर कापलेलं हिरवं गवत, दोन खजुराची झाडं, एक लांबलचक काळी गाडी आणि कुत्र्याला फिरायला नेणारी एक गोरी बाई.

“ही कोण?” मी विचारलं.

“ते चित्रात येतेच,” दादा म्हणाला. “तू एलिव्हेशन पाह्य.”

एलिव्हेशन म्हणजे घराची रस्त्याकडची बाजू. पूर्वी आम्ही तिला ‘समोरून’ म्हणायचो आणि तेवढ्यावर भागत होतं. आता उमरखेडच्या बाजारात दोन शेतकरी भेटले की पावसापाण्यानंतर तिसरा विषय एलिव्हेशनचा असतो. कोणाकडून केलं, टाइल कोणती, रात्री लाइट कसा पडतो. त्या बाजूच्या मागे माणसं कशी राहतात हे कोणी विचारत नाही. चित्रातही ते नव्हतं. कुत्र्याची सावली मात्र होती आणि तिचा कोन अचूक होता. चित्र काढणाऱ्याने कुठे कष्ट घेतले ते कळत होतं.

आमचं गाव उमरखेडपासून थोडं आत आहे. दादा शेती करतो, कापूस, सोयाबीन आणि मधल्या ओळींत तूर. मी तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे आणि उमरखेडलाच दोन खोल्यांत राहतो. घरात मी शिकलेला समजला जातो. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की लग्नपत्रिका शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येतात आणि घराचा नकाशाही माझ्याकडे आला.

घर बांधायचं कारण माझा पुतण्या. तो बत्तीस वर्षांचा आहे, शेती उत्तम करतो, कमी बोलतो. चार ठिकाणी त्याची बोलणी झाली आणि चारही ठिकाणी थांबली. पहिल्यांनी सांगितलं, मुलगा चांगला आहे पण शेती करतो. पुढच्यांना शेती चालत होती, पण घर टिनाचं होतं. शेवटी सोयरीक जुळवणाऱ्या गृहस्थांनी दादाला बाजूला घेतलं.

“भाऊ, आजकाल फोटो मागतात आधी.”

“देल्ला ना पोराचा.”

“पोराचा नाही. घराचा.”

त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. बाकी सगळं, म्हणजे खजुराची झाडं, गोरी बाई, पुढे आलेली खोटी पुस्तकं, हे सगळं या एका गोष्टीसाठी होतं. पोराचं लग्न झालं पाहिजे. दादाला नावं ठेवताना मी हे विसरू नये म्हणून इथे आधीच लिहून ठेवतो.

जुन्या घराबद्दल मला उमाळे नाहीत. ते उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं, पावसाळ्यात चार ठिकाणी गळायचं, आणि विंचवाला त्यात आमच्याइतकाच हक्क होता. पण त्या घरात समोर एक लांब खोली होती, बैलगाडीच्या जुवाएवढं रुंद दार असलेली, आणि ती कापसाची होती. आमच्याकडे वेचणी सुरू झाली की भाव बहुधा पडलेला असतो. ज्याला थांबता येतं तो थांबतो, आणि थांबतो म्हणजे कापूस घरात भरून थांबतो. पायाने तुडवून तुडवून तो आढ्यापर्यंत चढवतात. मग तीन-चार महिने घर त्याच्या कडेकडेने चालतं. पोरं त्याला टेकून अभ्यास करतात, पाहुणा आला तर ढिगावरच चादर टाकून त्याला बसवतात. शिमग्याच्या सुमारास अंगाला खाज सुटते, तोवर विकला जातो. गावातल्या कोणत्याही घरात त्या दिवसांत गेलं तर हेच दिसेल. यात लाजण्यासारखं काही असतं असं मला तरी साठीपर्यंत माहीत नव्हतं.

इंटेरियरवाला नांदेडहून आला. तिशीचा, टोकदार बूट, हातात टॅब. त्याने जुन्या घरातून एक चक्कर मारली, कापसाच्या रिकाम्या खोलीत उभा राहून टाळी वाजवून आवाज घुमतो का पाहिलं आणि म्हणाला, “अंकल, स्पेस चांगली आहे. फक्त क्लटर काढावं लागेल.”

क्लटर म्हणजे काय ते त्याने बोटाने दाखवलं. पाट्या, दोर, पेरणीचं बियाणं ठेवायची कणगी, भिंतीला टेकवलेली बाज, आणि बाजेवर बसलेली वहिनी. वहिनीकडे बोट गेलं ते चुकून गेलं असणार, पण गेलं.

वहिनीने नकाशा हातात घेतला. तिला नकाशा वाचता येत नाही असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तिने तो उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “कापूस कुठी भराचा?”

“काकू, हॉलमध्ये कापूस कोण ठेवतं आता?”

“हॉलमध्ये नाही म्हणत मी. कुठी भराचा ते सांग.”

“स्टोअर दिलंय ना.” त्याने स्वयंपाकघरामागचा चौकोन दाखवला.

वहिनीने बोटाने तो चौकोन मोजला. “यात तं माह्यं मीठ-मिरची भी नाही मावत.”

दादा मध्ये पडला. “पाहू ना ते मंग. त्याले काम करू दे.”

यानंतर त्या पोराने जे सांगितलं ते मला अजून टोचतं. तो म्हणाला, “काकू, आमच्याही घरी कापूसच होता. मी त्यातच झोपून मोठा झालो. म्हणूनच सांगतो, पाहुण्यांसमोर चांगलं दिसत नाही ते.”

तो शहरात वाढलेला असता, कापूस त्याने मेडिकलच्या दुकानातच पाहिलेला असता, तर मी त्याला माफ केलं असतं. अज्ञानाला औषध असतं, निदान मी तीस वर्षं त्याच समजुतीवर पगार घेतला. पण याला माहीत होतं. या घरात कोण राहणार, ते काय पिकवतात, पिकलेलं कुठे ठेवतात, हे सगळं माहीत असून त्याने ते नकाशातून काढून टाकलं आणि त्याला मिनिमल असं नाव दिलं. एखाद्याचं घर आखायला घ्यायचं आणि त्याच्या पोटापाण्याच्या वस्तूला त्यात जागाच ठेवायची नाही, ही मला आवडीनिवडीची गोष्ट वाटत नाही. त्याला अप्रामाणिकपणा हाच शब्द आहे.

हे मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. दादाने मला विचारलंही. “तू शिकलेला हायेस, तू पाह्य.” मी नकाशा पाहिला. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीत एक कोनाडा काढलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं, लायब्ररी. इंटेरियरवाला हसून म्हणाला, “हे खास सरांसाठी.” आमच्या घराण्यात आजवर कोणी माझ्या पुस्तकांसाठी एक खिळादेखील ठोकलेला नव्हता. मी म्हणालो, “ठीक वाटतं.” वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि नकाशाची घडी घालून ठेवून दिली. एका कोनाड्याच्या भावात मी विकला गेलो हे तिला तेव्हाच कळलं असावं.

जुनं पाडून त्याच जागी नवं घर वर्षभरात उभं राहिलं. गोरी बाई आली नाही, खजूरही आले नाहीत, पण बाकी बरंचसं आलं. हॉलला खोटं छत आलं, त्यात खोबणी आणि खोबणीत रंग बदलणारा दिवा. जांभळ्या उजेडात आमचे सगळे नातेवाईक आजारी दिसत. सोफा इतका बुटका होता की साठीपुढचा माणूस त्यात बसला की त्याला काढायला दुसरा लागे. एका भिंतीला विटांचं चित्र असलेला कागद लावला होता. त्या भिंतीच्या आत खऱ्या विटा होत्या, त्यांच्यावर गिलावा होता, गिलाव्यावर विटांचा कागद. मी ते दादाला दाखवलं. तो म्हणाला, “तुले सगळंच उलटं दिसते.”

माझा कोनाडाही भरून तयार होता. पुस्तकं आत आधीच होती, बारा, सोनेरी इंग्रजी अक्षरांची. मी एक काढायला गेलो तर बाराही एकदम बाहेर आली. आतून पोकळ खोकं होतं, दर्शनी बाजूला फक्त पुस्तकांच्या पाठी चिकटवलेल्या. इंटेरियरवाल्याने मला फोनवर समजावलं की खरी पुस्तकं निरनिराळ्या उंचीची असतात, त्याने लाइन बिघडते. मी माझी पुस्तकं उमरखेडलाच ठेवली.

आणि पऱ्हाटी. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला अतिशयोक्ती वाटेल. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. वेचणी संपली की आम्ही ती उपटतो, वाळवतो आणि पाणी तापवायला चुलीत घालतो. गावात प्रत्येक घरामागे तिचा ढीग असतो. त्या नव्या हॉलमध्ये, दारातून आलं की समोरच, एका उंच काळ्या फुलदाणीत पऱ्हाटीच्या सहा काड्या खोचलेल्या होत्या. वर पांढरी शुभ्र फुटलेली बोंडं. त्या मोबाइलवरून मागवल्या होत्या, कुठल्याशा लांबच्या शहरातून, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आल्या होत्या. आमच्या वावरापासून फुलदाणीचं अंतर चालत दहा मिनिटं होतं.

“रस्टिक टच,” इंटेरियरवाला म्हणाला होता. त्याने फुलदाणीचे बरेच फोटो काढले. ज्या घरातून कापूस हाकलला त्या घरात त्याने कापसाचा पुतळा बसवला, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला वाटतं, लोकांची आवड घडवण्याचा धंदा असाच चालतो. आधी माणसाला त्याच्याकडे असलेल्या वस्तूची लाज वाटायला लावायची, मग तीच वस्तू, बिनकामाची करून, त्याच्याच घरी परत पाठवायची.

दिवाळीनंतर वेचणी लागली आणि खरा कापूस यायला लागला. भाव नव्हता, सगळ्यांसारखं दादानेही थांबायचं ठरवलं. चादरीत बांधलेली गाठोडी नव्या दारातून आत जाईनात, कारण दार फोटोच्या मापाचं होतं. मग गाठोडं पोर्चमध्ये सोडायचं आणि टोपल्याने आत न्यायचं. मिठाचं स्टोअर पहिल्याच दिवशी भरलं. त्यानंतर गेस्ट रूम. ती आढ्यापर्यंत, म्हणजे खोट्या छतापर्यंत, पुतण्याने तुडवून भरली. तरी उरला तो हॉलमध्ये आला. सोफा भिंतीला सरकला, फुलदाणी टीव्हीखाली गेली आणि रंगीत दिवा पांढऱ्या ढिगावर जांभळा पडू लागला. मी एकदा गेलो तेव्हा वहिनी ढिगाला टेकून तूर निवडत होती. त्या घरात मी तिला पहिल्यांदाच आरामात बसलेलं पाहिलं.

पौष सरला आणि निरोप आला. फुलसावंगीकडचे लोक रविवारी घर पाहायला येणार. मुलगी एका शाळेत शिकवते, तीही येणार, कारण घर तिलाच पाहायचं आहे. फोटो त्यांना पसंत पडला होता.

शनिवारी दादाने मला बोलावून घेतलं. हॉल रिकामा करायचा होता.

“त्यायलेच विचारू ना,” वहिनी म्हणाली. “त्यायच्या घरी नसन का कापूस? शेतीच हाय त्यायची.”

“ते काही मले माहीत नाही. आपल्या इथं दिसला नाही पाह्यजे. चार जागी नाही म्हणून राह्यले लोक, तुले समजत नाही काय?”

वहिनी आत गेली. पुतण्या बनियनवर उभा होता, त्याने टोपलं उचललं. आम्ही तिघांनी दुपारपर्यंत हॉलमधला कापूस आधीच भरलेल्या गेस्ट रूममध्ये कोंबला. मी साठीच्या वयात पायाने कापूस तुडवत होतो आणि माझं डोकं खोट्या छताला लागत होतं. गेस्ट रूमचं दार सरकतं होतं, वर काळ्या लोखंडी पट्टीवरून लटकणारं, परदेशी गोठ्यांना असतं तसलं. त्याला कडी नव्हती. कडीने लूक जातो. ते ओढून घेतल्यावर आतल्या दाबाने ते खालून हॉलकडे फुगायचं. पुतण्याने त्याच्यासमोर झाडाची कुंडी ठेवली आणि फुलदाणी परत जागेवर आणली.

संध्याकाळभर वहिनी छताच्या खोबणीतून काठीला फडकं बांधून कापसाचे तंतू काढत होती. रंगीत दिव्याला ते सगळ्यात जास्त चिकटले होते.

रविवारी पाचजण आले. मुलगी, तिचे आईवडील, तिची आत्या आणि सोयरीक जुळवणारे गृहस्थ. गाडीतून उतरून सगळ्यांनी आधी रस्त्यावर उभं राहून घर पाहिलं. एलिव्हेशन पास झालं, ते मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि दादाच्या चेहऱ्यावर लगेच पोचलं. आत आल्यावर आत्या सोफ्यात बसायला गेली, अर्ध्या वाटेत थांबली आणि सरळ खाली फरशीवर बसली. “मले हे खोल पडते, बापा,” ती म्हणाली.

पाणी झालं, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “कापूस गेला काय मंग?”

दादाने घसा साफ केला. “आमी घरात ठेवतच नाही. वावरातून डायरेक्ट जिनिंगवर.”

पुतण्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“बरोबर हाय,” मुलीचे वडील म्हणाले. “आमी भी नाही ठेवत. घरात कचरा होते नुसता.”

मी त्यांच्या मागून चहाचा ट्रे घेऊन येत होतो. त्यांनी निळं जाकीट घातलं होतं, नवं, इस्त्रीचं. दोन खांद्यांच्या मधोमध, पाठीवर, हातभर पट्ट्यात पांढरे तंतू चिकटलेले होते. कापसाच्या ढिगाला टेकून बसलं की बरोबर तिथेच चिकटतात. समोरून जाकीट स्वच्छ होतं. मला त्या घडीला दोन्ही घरांची फार कीव आली, आणि तितकाच रागही. कापसावर जगणारी दोन माणसं एकमेकांना सांगत होती की कापूस आमच्या घरात नसतो, आणि दोघांच्या मध्ये फुलदाणीत पऱ्हाटी उभी होती.

आत्याचं लक्ष तिच्याकडेच गेलं होतं.

“बाई,” तिने वहिनीला विचारलं, “पऱ्हाटी काहून ठेवली वं इथं? आंघोळीचं पाणी हॉलमंधीच तापवता काय?”

सोयरीकवाले गृहस्थ मोठ्याने हसले आणि कोणी हसत नाही हे पाहून थांबले.

“ते शो हाय,” दादा म्हणाला.

“शो.” आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, फुलदाणीपाशी गेली आणि एक बोंड चिमटीत धरून दाबलं. आमच्याकडची कोणतीही बाई हेच करील. कापूस दिसला की हात आपोआप जातो. तिने आणखी एक दाबलं. “यात सरकीच नाही. वाण कोणतं म्हणावं हे?”

“ऑनलाइनचं वाण हाय, आत्याबाई,” वहिनी म्हणाली. आणि हसली. हसू दाबायला तिने पदर तोंडाला लावला, पण ते दबलं नाही. आत्याही हसायला लागली. मग वहिनी उठली.

“चाला. खरा दाखवतो तुमाले.”

“अवं,” दादा म्हणाला. त्याचा हात वर आला होता, तसाच राहिला.

वहिनीने पायाने कुंडी सरकवली आणि दार ओढलं. कापूस आधी नुसता फुगला, मग वरून सुटला आणि काही आवाज न करता हॉलच्या चकचकीत फरशीवर पार टीपॉयपर्यंत येऊन थांबला. त्याच्याबरोबर कोंडलेला उबदार वास आला. दोन कपांतला चहा सांडला होता. मी दादाकडे पाहू शकलो नाही. त्याचं वर्षभराचं घर, पोराची पाचवी सोयरीक, सगळं त्या ढिगाखाली गेलं होतं आणि त्यालाही तसंच वाटत असणार.

आत्या वाकली. तिने मूठभर कापूस उचलला, सरकी बाजूला केली, तंतू दोन चिमटींत धरून ओढले आणि उजेडाकडे धरले. “धागा लांब हाय,” ती म्हणाली. मुलीची आई तिच्याशेजारी जाऊन बसली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, “ओल नाही. चांगला वाळवला.” वहिनीही बसली. तिघींचं बोलणं सुरू झालं, पाऊस कधी लागला, बोंडअळी किती पडली, मजूर मिळाले का. आम्ही पुरुष बुटक्या सोफ्यात तसेच रुतून होतो.

मुलगी तोवर काही बोलली नव्हती. तिने पुतण्याला विचारलं, “कधीपासून आहे घरात?”

“दिवाळीपासून.”

“खाज नाही सुटली?”

“सुटली ना. मी बाहेरच झोपतो, बैलाईजवळ.”

“आमचा हॉलमध्येच आहे,” ती म्हणाली. “मी पेपर तपासते त्यावर बसून.”

“अवं, तो तं आता...” तिचे वडील सुरू झाले.

“बाबा, जाकिटाला आहे तुमच्या. मागून.”

त्यांनी मान वळवून पाठ पाहायचा प्रयत्न केला. स्वतःची पाठ कोणाला दिसत नाही. मी पुढे होऊन त्यांची पाठ झटकली. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं तेवढंच उपयोगाचं काम.

ते गेल्यावर दादा वहिनीशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जायला निघालो तेव्हा मागच्या अंगणात जळक्या प्लास्टिकचा वास पसरला होता. वहिनीने त्या सहा काड्या पाण्याच्या चुलीत घातल्या होत्या. त्या पेटल्या नाहीत. बोंडं वितळून चुलीच्या कडेला ओघळली होती आणि काड्यांच्या आतून तार निघाली होती. “सरकी नाही ते नाही, लाकूड भी नाही,” वहिनी म्हणाली आणि चिमट्याने तार ओढून काढली.

चार दिवसांनी होकार आला. का आला ते मला माहीत नाही. मी मुलीला विचारलं नाही आणि विचारणं माझ्या नात्यात बसत नाही. पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, “पोरगी बोलते नं काका चांगलं.” दादाच्या मते होकार एलिव्हेशनमुळे आला. कापूस दिसूनही आला, एवढं चांगलं एलिव्हेशन आहे. तो हे गावात सगळ्यांना सांगतो. पण हॉलमधला कापूस तिथेच राहिला, तो परत कोंबायचं कोणी बोललं नाही, आणि माझ्या कोनाड्यातलं पुस्तकांचं खोकं काढून वहिनीने तिथे विळे, दोरीची वेटोळी आणि मिठाचा डबा ठेवला. उंची सारखी नसल्याने लाइन बिघडली आहे.

मग आम्ही त्यांच्याकडे गेलो, फुलसावंगीच्या पुढे, तारीख ठरवायला. त्यांचं घर जुनं, टिनाचं, लांब समोरच्या खोलीचं, आमचं होतं तसंच. खोलीच्या मधोमध दोरीवर एक मोठी फुलाफुलांची चादर टांगली होती आणि आम्हाला तिच्या अलीकडच्या अर्ध्या भागात बसवलं होतं. चादर मधूनमधून आपोआप पुढे यायची. तिच्या खालच्या काठाला पांढरे तंतू लागले होते. कोणीही तिकडे पाहत नव्हतं. दादाही नाही. गेल्या महिन्यात दोन्ही घरांनी एकमेकांसमोर जे पाहिलं होतं ते जणू घडलंच नव्हतं.

तारीख ठरली. मुलीचे वडील माझ्याजवळ सरकले.

“भाऊ, तुमचा तो इंटेरियरवाला, नांदेडचा. नंबर असन काय? लहानीचं पाह्याचं हाय अजून. घराचा फोटो मागतात लोक.”

नंबर माझ्याकडे होता. कोनाड्याच्या वेळी घेतलेला.

“देतो,” मी म्हणालो. “पण त्याला आधीच सांगा, कापसाला एक खोली काढ म्हणावं. रुंद दाराची.” नकाशाच्या दिवशी जे बोललो नव्हतो ते मी आता बोलत होतो, भलत्याच घरात.

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे अगदी सरळ पाहिलं.

“कापूस कोण ठेवते हो भाऊ आता घरात,” ते म्हणाले.

चादरीच्या मागून आत्या सुपारीचं तबक घेऊन आली. तिच्या केसांत कापूस होता, पदराला होता, दोन्ही हातांना कोपरापर्यंत होता. तिने तबक आमच्यासमोर फिरवलं. दादाने सुपारी उचलली आणि मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थाने. मी नंबर वाचून दाखवला, त्यांनी तो मोबाइलमध्ये घातला आणि बरोबर आहे का म्हणून परत वाचून घेतला. बरोबर होता.

वहिनी उठली, कोणाला न विचारता चादर बाजूला करून मागे गेली, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.